क्रियापदाचं शेपूट

१ जानेवारी, बुधवार. सकाळी ६.१०

ही डायरी ट्रान्सपोर्टवाला दर वर्षी देतो. आजवर एकही लिहिली नाही. बायको, हेमांगी, त्यात दुधाचा हिशोब लिहिते. यंदा मी लिहिणार. यंदा कारण आहे.

आमचे डिस्पॅच हेड रिटायर झाले. केबिन महिनाभर रिकामी. मधल्या मध्ये कंपनीच दुसऱ्या मालकांकडे गेली. नवे प्लांट हेड चेन्नईचे, कारभार सगळा इंग्रजीत. मार्चमध्ये इंटरव्ह्यू घेऊन डिस्पॅचचा हेड नेमणार. रोह्याच्या या कंपनीत मला सत्तावीस वर्षं झाली. डिस्पॅचमध्ये माझ्याहून जुना फक्त वजनकाटा. तेव्हा इंटरव्ह्यू म्हणजे फॉर्मॅलिटी.

तरी इंग्रजी घासूनपुसून घ्यावं. निरीक्षण असं, की इंग्रजीत अवघड शब्द नसतातच. गेट, पुट, टेक, लुक. चौथीतल्या पोराला येणारे. घोळ होतो तो मागच्या शेपटामुळे. अप, ऑफ, ओव्हर, आउट. शेपूट बदललं की जनावर बदलतं. हे मला स्वतःला सुचलं.

संकल्प: रोज एक क्रियापद, त्याची पाच शेपटं. मार्चपर्यंत साठ क्रियापदं, तीनशे अर्थ. मोबाइलवर अर्थ बघायचा नाही. क्रियापद माहीत, शेपूट माहीत, तर बेरीज करता आली पाहिजे.

हेमांगी म्हणाली, बस सहा चाळीसला आहे.

२ जानेवारी, गुरुवार

पुट. पुट ऑन, अंगात घालणे. पुट ऑफ, पुढे ढकलणे. उरलेली तीन उद्या.

३ जानेवारी, शुक्रवार

पुट पुट ऑफ केलं. (हे जमलं. इंटरव्ह्यूत वापरता येईल.)

८ जानेवारी, बुधवार. संध्याकाळी ७

साहेबांचा मेल. यार्डातले चाळीस फुटके ड्रम ‘राइट ऑफ’ करा. राइट म्हणजे लिहिणे, ऑफ म्हणजे वरून. ड्रमवरून लिहून काढा. दुपारी उन्हात उभा राहून चाळीस ड्रमांचे बॅच नंबर लिहून काढले. काही पुसट होते, ते अंदाजाने. सुवाच्य यादी केली, खाली सही.

नम्रताने यादी बघितली. ही आमच्याकडे कागदपत्रं करते, तीन वर्षं झाली. जित्याहून ट्रेनने येते. हिचा बाप जनू आमच्या धरमतर खाडीकडच्या मिठागरावर कामाला होता. आजोबांनंतर मिठागर गेलं, जनू ओळख ठेवून आहे. त्यामुळे ऑफिसात सगळे मला सर म्हणतात, ही काका म्हणते. मी चालवून घेतो.

ती म्हणाली, काका, राइट ऑफ म्हणजे मोडीत काढायचे, रजिस्टरमधून कमी करायचे. मी म्हटलं, कमी करण्याआधी लिहावे लागतातच ना. ती हो म्हणाली. मुलगी हुशार आहे, समजावलं की समजतं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. अभ्यास नाही.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत असल्यामुळे आजही अभ्यास नाही. सलगता तुटली की दोन दिवस जातात.

१९ जानेवारी, रविवार. सकाळी ११

जनू येऊन गेला. वालाच्या शेंगांची पिशवी आणली. ओटीवरच्या बाकावर बसला, आत ये म्हटलं तरी बाकावरच. पोरगी तुमच्याबद्दल फार बोलते म्हणाला. काका हायत म्हणून बरा चाललाय, असं बोलते म्हणे. मी म्हटलं, आमचं कर्तव्यच आहे. नंतर लक्षात आलं की मी तिच्यासाठी नक्की काय केलं ते आठवत नाही. पण काहीतरी असणार, त्याशिवाय ती बोलेल कशी.

आजचं क्रियापद: गेट. याला शेपटं फार आहेत. सोडलं.

२२ जानेवारी, बुधवार

साहेबांनी वार्षिक रिपोर्ट पाठवला. ‘लुक ओव्हर’ करायला सांगितलं. लुक बघणे, ओव्हर वरून. म्हणजे वरवर बघा. मी पहिलं पान वरवर बघितलं आणि ‘ओव्हरलुक्ड, सर’ असं उत्तर लिहिलं. शेपूट पुढे घेतलं की इंग्रजी जास्त भारदस्त वाटतं.

साहेबांचं काही उत्तर नाही. नम्रताने दुपारी तो रिपोर्ट माझ्याकडून मागून नेला. सातव्या पानावर टनेजची चूक होती म्हणे. माझ्या नावाने दुरुस्ती पाठवली. म्हणजे रिपोर्ट माझ्या नावानेच गेला. ठीक.

४ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळी ७.३०

कामाचा दिवस. सकाळी मेल आला. आजच्या ‘बॅलन्स’ तीनशे बारा गोण्या ‘कॅरी ओव्हर’ करा. कॅरी, वाहून नेणे. ओव्हर, पलीकडे. आमच्या पलीकडे रस्त्याच्या त्या बाजूला शेड नंबर दोन आहे. रघूला बोलावलं. रघू हा लोडिंगवाल्यांचा मुकादम, माझ्याच वयाचा. सगळा माल पलीकडच्या शेडमध्ये न्यायला सांगितला. पंचवीस किलोची एकेक गोणी. साडेतीनपर्यंत नेल्या. एकही फुटली नाही.

नेमणूक होण्याआधीच माणसं अशी ऐकतात, हे साहेबांना दिसलं पाहिजे. दिसलं नाही. ते मीटिंगमध्ये होते.

५ फेब्रुवारी, बुधवार

कॅरी ओव्हर म्हणजे उरलेलं उद्यावर ढकलणे. काल काहीच करायचं नव्हतं. गोण्या जिथे होत्या तिथेच राहायला हव्या होत्या.

आज त्या परत आणल्या. शेवटची गोणी टाकल्यावर रघू कमरेला हात लावून उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, ‘सायेब, काल पलीकडं न्हेलं, आज अलीकडं आनलं. इंग्रजीत नक्की काय लिवलाय?’

मी म्हटलं, प्लॅन बदलला.

संध्याकाळी कळलं की त्याची कंबर धरली आहे. तीन दिवस येणार नाही. वाईट वाटायला हवं होतं. बसमध्ये पेणपर्यंत वाट बघितली. वाटलं नाही. रात्री झोप लागली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

हेमांगीला कॅरी ओव्हर सांगितलं, नावं न घेता. ती प्राथमिक शाळेत मराठी शिकवते. म्हणाली, आपल्यात तरी काय वेगळं आहे? करून टाकलं, करून ठेवलं, करून बसला. करणं एकच. पण करून टाकलं म्हणजे सुटलो, करून ठेवलं म्हणजे निस्तरा, आणि करून बसला म्हणजे झाली फजिती. इथे टाकणं म्हणजे फेकणं नाही आणि बसणं म्हणजे खुर्चीत बसणं नाही. जोडीचा अर्थ जोडीलाच असतो, सुटा काढून बेरीज होत नाही.

मी म्हटलं, तुझं प्राथमिकचं आहे. इंग्रजी शास्त्रशुद्ध भाषा आहे.

ती वाल सोलत होती, सोलत राहिली.

११ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी १.४५ (जेवणाच्या सुट्टीत)

महत्त्वाचं. साहेबांच्या केबिनबाहेर सहीसाठी उभा होतो. दार अर्धं उघडं. साहेब फोनवर. माझं नाव ऐकू आलं म्हणून लक्ष दिलं. शब्द असे: ‘वी हॅव पुट अप विथ मिस्टर दातार फॉर टू लाँग.’

पुट, ठेवणे. अप, वर. विथ, सोबत. म्हणजे आम्ही दातारांना सोबत घेऊन वर ठेवलं आहे. फॉर टू लाँग, बऱ्याच काळासाठी.

ठरल्यासारखंच आहे. आनंद व्हायला हवा. डबा खाल्ला. मेथी होती.

याआधी दोनदा हुकलं आहे. पहिल्यांदा बाहेरून माणूस आणला, दुसऱ्यांदा मालकांचा भाचा आला. दोन्ही वेळा मीच त्यांना गोडाऊन दाखवलं. त्यामुळे असेल, आधीपासून नाचायची सवय राहिली नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

नम्रता म्हणाली, काका, जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास आपण हे व्हर्ब्ज एकत्र करू या का. मी होकार दिला. तिलाही शिकायला मिळेल.

नंतर तिने सरळच सांगितलं की हेडच्या पोस्टसाठी तिनेही अर्ज भरला आहे. माझ्या कानावर दुसरीकडून जायला नको, म्हणून. मी म्हटलं, जरूर भर. इंटरव्ह्यूचा अनुभव मिळतो. ती बराच वेळ वहीच्या कोपऱ्यावर रेघा मारत बसली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

तिची पद्धत माझ्यापेक्षा वेगळी. ती शेपटं वेगळी काढतच नाही. अख्खं वाक्य देते. ‘लुक आफ्टर’साठी म्हणाली, माय फादर लुक्स आफ्टर टू गोट्स. ‘लुक फॉर’साठी, माय फादर इज लुकिंग फॉर वन गोट. म्हणजे एक हरवली. हे लक्षात राहिलं. पण याला पद्धत म्हणत नाहीत. आज बकऱ्या झाल्या, उद्या केमिकल आलं तर?

‘लुक फॉरवर्ड टू’ उद्या करायचं ठरलं. उद्या मला बँकेत जायचं आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी ८

साहेबांनी मेलवर माझं मत मागवलं. नम्रताच्या अर्जासोबत एका सीनियरचं दोन ओळींचं पत्र हवं. उमेदवार मीही आहे, तरी माझ्याचकडून मागतात. यावरून काय ते समजावं.

मनापासून लिहिलं. जे काही शिकते ते माझ्याकडून घेते, असा भाव आणायचा होता. घेणे, टेक. माझ्याकडून तिच्याकडे जाते, म्हणून ओव्हर. वाक्य झालं: ‘शी कॅन टेक ओव्हर एव्हरीथिंग फ्रॉम मी.’ पुढे, ‘आय हॅव नो ऑब्जेक्शन.’ सही. कोणाला दाखवलं नाही.

दहा मिनिटांत साहेबांचं उत्तर. ‘दॅट इज व्हेरी जनरस ऑफ यू.’ जनरस म्हणजे उदार. आहेच.

५ मार्च, बुधवार. संध्याकाळी ७

इंटरव्ह्यू झाला. साहेब समोर, दोघं स्क्रीनवर. पंधरा मिनिटं म्हणाले होते, सहा मिनिटांत आटोपलं. सत्तावीस वर्षांच्या माणसाला काय विचारणार.

एक प्रश्न सोपा होता. ‘व्हॉट डू यू लुक फॉरवर्ड टू, मिस्टर दातार?’ मी समोर बघितलं. भिंत होती, तिच्यावर कॅलेंडर. ‘कॅलेंडर, सर.’ स्क्रीनवरचे दोघं हसले. वातावरण हलकं झालं.

पुट ऑफचा विनोदही केला. त्याला हसले नाहीत. नेटवर्क अडकलं असावं.

नम्रता आत पस्तीस मिनिटं होती. बिचारीला फार घोळवलं.

१३ मार्च, गुरुवार

शिमगा. गल्लीतली होळी पेटवायला मला बोलावलं. पुढच्या वर्षी हेड म्हणून बोलावतील.

१७ मार्च, सोमवार. संध्याकाळी ६.५०

मेल आला. बस वडखळच्या पुढे असताना. तीनदा वाचला.

‘आय ॲम अफ्रेड यू हॅव बीन पास्ड ओव्हर.’ पुढे बरंच आहे. बस हलत होती, अक्षर बारीक. शेवटी ‘एक एप्रिलपासून’ आणि ‘तुमच्या पत्राबद्दल आभार’.

पास झालो. ओव्हर म्हणजे वर. सगळ्यांच्या वरून पास. नुसतं पास्ड लिहून भागलं असतं, ओव्हर मुद्दाम घातलं आहे. साहेब अफ्रेड आहेत हे मात्र अपेक्षित नव्हतं. माझ्या अनुभवाची धास्ती असावी. मी त्यांना सांभाळून घेईन.

पेणला रामवाडीत उतरून दीड किलो पेढे घेतले. एक किलो कंपनीसाठी, अर्धा घरी. हेमांगीच्या हातावर पेढा ठेवला. तिने मेल बघायला मागितला, दिला. तिने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. मग पेढा देवापुढे ठेवला आणि विचारलं, अजून कोणाला सांगितलंत? म्हटलं, उद्या सांगणार. ती म्हणाली, उद्याच सांगायला हवं का? एक एप्रिल लांब आहे.

मी म्हटलं, शुभकार्य पुट ऑफ करू नये.

तिने चष्मा काढला. फोन घेऊन मागच्या अंगणात गेली. आईशी बोलत असेल.

१८ मार्च, मंगळवार

पेढे वाटले. सगळ्यांनी घेतले. मला वाटलं होतं गलका होईल. तसं झालं नाही. एकेक जण यायचा, पेढा घ्यायचा, हात मिळवायचा. अभिनंदन कोणी मोठ्याने म्हणालं नाही. आदर असा शांत असतो. रघू आता कामावर आहे, पट्टा बांधून. त्याने दोन घेतले.

साहेब चेन्नईला गेले आहेत, सोमवारी येणार.

नम्रताने पेढा घेऊन बराच वेळ हातात धरला. मग खाल्ला. थँक यू काका, म्हणाली.

१९ मार्च, बुधवार

केबिन उघडली. धूळ. मी स्वतः फडकं मारलं. टेबल पुसलं, खुर्चीचं चाक आवळलं, जुन्या फाइली वर्षवार लावल्या. रघूने दारात येऊन बघितलं. मदत करू का म्हणाला. नको म्हटलं. हे काम आपलं आपण केलेलं बरं.

दुपारी खुर्चीत बसलो. पंधरा मिनिटं. खिडकीतून वजनकाटा दिसतो.

२१ मार्च, शुक्रवार

पाटी कशी असावी याचा विचार. य. मो. दातार, की यज्ञेश दातार? दुसरं.

२३ मार्च, रविवार. संध्याकाळी ५

नम्रता आणि जनू आले होते. सकाळी अकराला. नम्रताने नारळ आणि हेमांगीसाठी साडी आणली. जनू आज आत येऊन खुर्चीवर बसला.

जे बोलणं झालं ते नीट लिहून ठेवतो.

नम्रता म्हणाली, ‘काका, पोस्ट मला मिळाली ती तुमच्या पत्रामुळे. साहेबांनी मीटिंगमध्ये वाचून दाखवलं.’

मी तिच्याकडे बघितलं.

ती म्हणाली, ‘शी कॅन टेक ओव्हर एव्हरीथिंग फ्रॉम मी. माझं सगळं काम ही ताब्यात घेऊ शकते. स्वतः उमेदवार असून असं कोण लिहितं? वर तुम्ही माझ्यासाठी पेढे वाटलेत. माझी केबिन पुसून ठेवलीत.’

ती वर बघत नव्हती. चहाच्या कपाकडे बघून बोलत होती. हेमांगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पोह्याचे पापड भाजायचे थांबवून.

जनू म्हणाला, ‘भाऊ, सोताची खुर्ची आमचे पोरीला दिलीव. तुमचे आज्यानं नसती दिली.’

मी म्हटलं, हो. मग म्हटलं, त्यात काय एवढं. मग म्हटलं, चहा घ्या.

ते गेल्यावर मेल पुन्हा उघडला. बस हलत नसताना. मधल्या ओळीत नम्रताचं पूर्ण नाव आहे. मग कपाटातून डिक्शनरी काढली. पास ओव्हर: डावलणे. अफ्रेड: इथे खेद. राहवलं नाही म्हणून पुट अप विथही बघितलं. सहन करणे, खपवून घेणे.

डिक्शनरी परत कपाटात ठेवली. बाकी काही नाही. जेवलो. कोशिंबीर छान होती.

२४ मार्च, सोमवार. सकाळी ६

शांतपणे विचार केला. खरं म्हणजे मी पहिल्यापासून हे ठरवलंच होतं. तरुण मुलगी, गरिबीतून वर आलेली, आपण बाजूला व्हावं, हा विचार मनात कुठेतरी होताच. नाहीतर ते वाक्य आपोआप कसं लिहिलं गेलं? माणूस मनातलंच लिहितो. जानेवारीपासूनच्या नोंदींत हे स्पष्ट आलेलं नाही, पण त्या घाईघाईने लिहिलेल्या आहेत.

पेढेही तिच्याचसाठी होते, असं बघितलं तर.

संध्याकाळी. साहेब आले. मला आत बोलावून खुर्ची दिली. बराच वेळ बोलले. मी मधूनमधून मान हलवली. शेवटी हात मिळवला. त्यांच्या डोळ्यांत आदर होता. किंवा प्रवासाचा शीण.

१ एप्रिल, मंगळवार

नम्रता केबिनमध्ये बसली. मी तिला गोडाऊन दाखवायला निघालो, सवयीने. तिला सगळं माहीत आहे हे शेड नंबर एकपर्यंत गेल्यावर लक्षात आलं. तरी ती पूर्ण चक्कर माझ्यासोबत चालली. शेड नंबर दोनही बघितली.

ऑफिसात माझ्याकडे आता वेगळ्या नजरेने बघतात. मोठ्या मनाचा माणूस अशी ख्याती व्हायला वेळ लागत नाही. दोन नव्या पोरांना मी माझा निर्णय कसा झाला ते सांगितलं. एकाने मान खाली घातली. भारावला असावा.

९ एप्रिल, बुधवार. संध्याकाळी ८

दुपारी रघूसोबत गोण्या मोजत होतो. त्याला म्हटलं, पद काय, येतं जातं, माणसाने दुसऱ्यासाठी जागा करावी. मी नम्रतासाठी केली तशी. रघूने मोजणी थांबवली. पट्टा सैल केला, परत आवळला. मग म्हणाला, ‘सायेब, मना रिटायर व्हायला दोन वर्सं रायलीत. मी खोटा बोलून काय करू? नम्रताबाईंनी सगल्यांना सांगलेला. काका पेढं वाटतील, घ्या. कोनी हसायचा नाय, कोनी काय बोलायचा नाय.’

कधी सांगितलं, विचारलं. पेढे आले त्याच सकाळी, म्हणाला. तुम्ही यायच्या आधी.

मी मोजणी पुरी केली. दोनशे चाळीस. रघूनेही दोनशे चाळीसच सांगितली.

घरी येऊन हेमांगीला विचारलं. ती कणीक मळत होती. हो, म्हणाली. मेल वाचल्यावर अंगणातून तिनेच नम्रताला फोन केला होता. नम्रता म्हणाली, काकू, तुम्ही काही सांगू नका, मी बघते. रविवारी नारळ घेऊन येण्याचं दोघींनी मिळून ठरवलं. जनूला माहीत होतं का, हे मी विचारलं नाही.

पत्राचंही तिने सांगितलं. नम्रताला पत्र ऐकूनच कळलं होतं, मला काय म्हणायचं होतं आणि काय झालं. ती साहेबांकडे गेली होती, की काकांकडून हे चुकून लिहिलं गेलंय, धरू नका. साहेब म्हणाले, चुकून लिहिलं असेल, पण खरं आहे.

मी विचारलं, मग तू त्याच दिवशी मला का नाही सांगितलंस?

हेमांगीने हात धुतले. म्हणाली, ‘सांगणार होते. तुम्ही पेढ्यांचा पुडा सोडताना शीळ घालत होतात. किती वर्षांनी. मला सांगवेना.’

शीळ घातल्याचं मला आठवत नाही.

आमटी, भात, वांग्याची भाजी. नेहमीइतका जेवलो.

१२ एप्रिल, शनिवार

दोन दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. रघूला कमरेसाठी तेलाची बाटली नेऊन दिली. त्याने घेतली. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, पण त्याचा ट्रक लागला.

नम्रता सोमवारपासून लोडिंगची लिस्ट मराठीत काढते. सगळ्यांसाठी, म्हणाली. बाकीच्यांना मात्र इंग्रजीत जाते, ते मी प्रिंटरवर बघितलं. मराठी एकच प्रत निघते.

आजच्या लिस्टमध्ये मथळ्यालाच चूक सापडली. ‘मालाचा तपशील’. शी दीर्घ काढली होती. बरं वाटलं. लाल पेनाने ऱ्हस्व केली, बाजूला ‘शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे’ असं लिहिलं, सही केली आणि आत पाठवली. पाच मिनिटांत लिस्ट दुरुस्त होऊन परत आली. तिने मी सांगितलं तसंच केलं होतं. खाली ‘थँक यू काका’.

संध्याकाळी सहज हेमांगीला विचारलं.

दीर्घच असते, म्हणाली.